आम्ही म्हणजे कोण?

केकवर नावं लिहिणाऱ्या बाईला माणसांच्या प्रेमाचा फार लवकर वीट येतो. ताईला आला होता, आणि तिने तो कधी लपवलाही नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत, स्टीलच्या टेबलाशी, डोक्याला जाळीची टोपी घालून ती दिवसभर लोकांचं प्रेम क्रीमने लिहायची. 'आमचं पिल्लू एक वर्षाचं झालं.' 'आमच्या प्रिन्सेसला.' 'मम्मा-पप्पाच्या काळजाचा तुकडा.' आता अर्ध्या किलोच्या केकवर काळजाचा तुकडा मावत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी? 'तुकडा' खालच्या ओळीत घ्यावा लागायचा आणि वाढदिवसाला सुरी नेमकी काळजावरून फिरायची. 'पिल्लू' तर ती डोळे मिटून लिहू शकली असती. क्रीमचा कोन कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, शेवटचा ऊकार कुठे वळवायचा, सगळं बोटांना पाठ. कुणाचं पिल्लू, कसलं पिल्लू, याच्याशी बोटांना देणंघेणं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ताई 'आयांचा कट्टा' नावाच्या ऑनलाइन ग्रुपवरही होती. तिची स्वतःची मुलगी लहान असताना ती तिथे शिरली. मुलगी आता आठवीत होती आणि खोलीचं दार लावून बसायची, तिला वाढवण्याबद्दल कट्ट्यावर कुणाला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ताई तिथून हलली नाही. निवृत्त झालेले लोक कारण नसताना जुन्या ऑफिसात चहाला जातात ना, तसंच होतं हे. फरक एवढाच, की हिला तिथे मान होता.

मान कशाचा? तर 'ताईचा ठसका'चा. दर आठवड्याला ताई एक शब्द पकडायची आणि त्याची साल काढायची. "कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण" म्हणजे सरसावून बसा, आता दुखवते. "ही एक फेज आहे" म्हणजे बाळाला मिश्या फुटेपर्यंत चालणारं काहीही. "प्रत्येक बाळ वेगळं असतं" म्हणजे मला उत्तर माहीत नाही, पण गप्प बसवत नाही. "सुपरमॉम" म्हणजे जिच्या मदतीला कुणीही येत नाही अशी बाई. या शेवटच्यावर तर आयांनी बदामांचा पाऊस पाडला होता. लाल बदाम, पिवळे हसरे चेहरे, "ताई, तुम्ही लिहीत का नाही?" "ताई, पुस्तक काढा!" बायकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती चढली. का नाही चढणार? केकवरचं तिचं अक्षर तासाभरात लोकांच्या पोटात जायचं. दुकानाच्या पाटीवर मालकीणबाईंचं नाव होतं. तिचं म्हणून जे काही होतं ते हे एवढंच, आणि ते टाळ्या मिळवत होतं.

आणि खरं सांगायचं तर ती चुकत नव्हती. शब्द असतातच तसले. गोड बोलून बोलून गिळगिळीत झालेले. पण शब्दाची साल काढताना आत कुणाचं बोट आहे का हे बघावं लागतं, ते तिला सुचलं नाही.

तिच्या धाकट्या भावाला घरात सगळे छोटू म्हणायचे. पस्तिशी गाठलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा, दारातून वाकून आत येणारा हा माणूस, पण छोटूच. त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा इतकी बडबडी होती, की पहिल्याच आठवड्यात ताईने तिचं नाव 'मैना' ठेवलं आणि ते चिकटलं. मैनेला मुलगा झाला. सुरुवातीच्या दिवसांत तिची अगदी दैना उडाली होती, तेव्हा ताईनेच तिला कट्ट्यावर आणलं. "तिथे विचार काय विचारायचं ते. चार बायका चार गोष्टी सांगतात, वेळ जातो."

मैनेने विचारलं नाही, ती सांगायला लागली. "आम्ही आज पालथे पडलो!" "आम्हाला पहिला दात आला!!" "आम्हाला गाजर अजिबात आवडलं नाही, आम्ही थुंकून टाकलं."

ताईने पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती ताडकन उठून बसली. आम्ही? सबंध कट्ट्यावर सगळ्यात जास्त डोक्यात जाणारा शब्द हाच होता. शी बाळ करणार, दात बाळाला येणार, आणि बाई सांगणार 'आम्हाला'! ताईच्या मनात या 'आम्ही'वर ठसका कधीचा शिजत होता, पण आता आपल्याच घरातली बाई तो शब्द वापरतेय म्हटल्यावर तिने हात आवरला. काही आठवडे आवरला, हे कबूल करायला हवं. मग एका आठवड्यात दुसरा शब्द सापडेना, आणि बायका तर विचारत होत्या, "ताई, ठसका कुठे?"

तिने लिहिलं: "या आठवड्याचा शब्द: आम्ही. आम्हाला दात आला, आम्ही पालथे पडलो, आम्ही गाजर थुंकलो. बाई गं, तिसाव्या वर्षी पालथी पडलीस तर हाडांच्या डॉक्टरला दाखव! पूर्वी राजे स्वतःला 'आम्ही' म्हणायचे. त्यांच्यामागे फौज असायची. तुझ्यामागे लंगोटांची दोरी आहे. आम्ही म्हणजे कोण, हे एकदा ठरवा बायांनो!"

नाव कुठेच नव्हतं. पण गाजर होतं. लेकी बोले सुने लागे, तसं लागायचं तिथे ते बरोबर लागलं असणार. इतके बदाम तिला आधी कधी मिळाले नव्हते. खाली मैनेनेही एक हसरा चेहरा टाकला होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा. ताईने तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. बघा, पोरीने खेळकरपणे घेतलं. त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, ते कशाचं हे चेहरा सांगत नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला ताई भावाकडे जेवायला गेली. मैनेचा चेहरा ओढलेला होता, पण लहान मूल असलेल्या घरात कुणाचा नसतो? वाढून झाल्यावर ताई म्हणाली, "तू पण बस की गं आमच्याबरोबर."

"तुम्ही घ्या ताई. आम्ही मघाशीच जेवलो."

झालं. चेंडू हातात आल्यावर न टोलवण्याइतकी ताई संत नव्हती. "आम्ही म्हणजे कोण?" तिने भुवया उंचावून विचारलं. "तू, की महाराज?"

छोटू खो खो हसला. त्याला ठसका माहीत होता, बहिणीचं त्याला कौतुक होतं. मैनाही हसली. मग खाली बघत म्हणाली, "तो. तो जेवला."

"आणि तू?"

"मी बसते नंतर."

ती नंतर बसली नाही. ताईने ते पाहिलं होतं. निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हा मैनेचं ताट ओट्यावर तसंच पालथं होतं, कोरडं. ताईच्या मनात आलंही, की विचारावं. पण छोटू दारात गाडीची किल्ली खुळखुळवत उभा होता. राहिलं.

पुढे काही दिवस कट्ट्यावर मैनेचं काहीच आलं नाही. मग एका दुपारी आलं.

ताई चहाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसली होती. एका हाताला अजून क्रीम होतं, म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने वाचलं. "आम्हाला बरेच दिवस झोप नाही. आम्ही काही खात नाही. कारण नसताना रडू येतं. आज सकाळी गॅलरीत उभे होतो आणि एकदम खूप भीती वाटली. हे बरं होतं का? कुणाला असं झालंय का?"

ताईला हसू आलं. इतकं झाडूनही बाईचं 'आम्ही' सुटत नाही! आणि सात महिन्यांचं पोर उभं राहायला लागलं म्हणजे कौतुकच होतं. आपलाच भाचा. तिने अंगठ्यानेच लिहिलं: "प्रथम, 'आम्ही' उभे राहायला लागल्याबद्दल अभिनंदन! गॅलरीला जाळी बसवून घ्या, महाराजांची स्वारी भलतीकडे जायला नको!" मागे तीन हसरे चेहरे.

मग बाकीच्या धावल्या. दात येत असतील, हिरड्यांना थंड काहीतरी लाव. पोटात वात धरला असेल. ही एक फेज आहे, जाईल. प्रत्येक बाळ वेगळं असतं. टेन्शन घेऊ नकोस, आईला सगळं कळतं. कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण तू मोबाइल जास्त बघतेस का? आणि मधूनमधून ताईच्या महाराजांवर बदाम. वाढतच चालले होते.

सगळ्यांत शेवटी मैनेने लिहिलं, "धन्यवाद सगळ्यांना." आणि थोड्या वेळाने तिचं मूळ लिहिलेलंच तिने काढून टाकलं. त्याबरोबर बदामही गेले. ताईला त्याचंच जरा वाईट वाटलं. हो, बदामांचं.

दुसऱ्या दिवशी छोटू दुकानात आला. त्याच्याबरोबर काम करणारे एक काका नोकरीतून मोकळे होणार होते, त्यांच्यासाठी केक हवा होता. मालकीणबाई बँकेत गेल्या होत्या, म्हणून ताईने त्याला सरळ मागच्या खोलीत घेतलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि ती फिरत्या पाटावर केक ठेवून लिहायला लागली. मजकूर होता 'काका, सुखी राहा'. असा साधा मजकूर कधीतरीच येतो, म्हणून ती खुशीत होती.

"महाराज काय म्हणतायत?" तिने विचारलं. "जाळी बसवलीस का गॅलरीला?"

"कसली जाळी?"

"अरे, उभा राहायला लागला ना तो."

छोटू हसला. "उभा? ताई, तो अजून धड बसत नाही. उशा लावतो आम्ही चारी बाजूंनी."

ताईने 'काका' संपवून स्वल्पविराम दिला. "असं कसं? मैनाच म्हणत होती. आणि झोपत नाही, खात नाही म्हणे."

"कोण, पिल्लू? छे! गाढ झोपतो. भूक तर अशी, की वाटी चाटूनपुसून." छोटूच्या आवाजात बापाचा अभिमान होता. "मैनाच झोपत नाही. मला जाग येते तेव्हा बघतो तर ही बसलेली असते. खायचंही तसंच. मी म्हटलं तिला, जरा आराम कर, होईल ठीक. लहान मूल म्हटलं की व्हायचंच."

'सुखी रा'पर्यंत ताईचा हात आला होता. तिथे तो थांबला.

आम्हाला बरेच दिवस झोप नाही. वाक्य तिच्यासमोर जसंच्या तसं उभं राहिलं. काढून टाकलेलं होतं, पण तिला पाठ होतं. ज्याला हसतो ते पाठच होतं. आम्ही काही खात नाही. कारण नसताना रडू येतं. आणि बाळ उभं राहत नाही, तर मग गॅलरीत कोण उभं होतं?

'उभी होते' असं लिहिलं असतं, तर कुणालाही कळलं असतं. 'उभे होतो' म्हटलं, की बाई आणि पोर, मोठं आणि लहान, सगळे एकाच चादरीखाली. आणि शब्दांची साल काढणाऱ्या ताईने चादर उचलून बघितली नव्हती. चादरीला हसली होती.

'स्वारी भलतीकडे जायला नको,' तिने लिहिलं होतं. हसरे चेहरे तीन.

"ताई, 'हा' राहिला," छोटू केककडे बोट दाखवत म्हणाला.

"काय?"

"'राहा'मधला 'हा'. नुसतं 'सुखी रा' झालंय."

तिने क्रीमचा कोन खाली ठेवला. टोपी काढली. "तू तसाच घेऊन जा. मी तुझ्या घरी जाऊन येते."

"आत्ता? का गं, काय झालं?"

इथे ती सांगू शकली असती. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि भावाच्या डोळ्यांतलं ते कौतुक तिच्यासमोर विझलं असतं. "काही नाही रे," ती म्हणाली. "बाळाला बघून येते." तेवढ्या घाईतही स्वतःची अब्रू आधी सांभाळली, हे तिचं तिला कळलं, आणि तरीही ती तेच बोलली.

टॅक्सीतून तिने मैनेला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. खाली उतरल्यावर तिने मान वर करून तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी बघितली. दोरीवर छोटे छोटे कपडे वाळत होते. बाकी कुणी नव्हतं. तिने लिफ्टची वाट बघितली नाही, धापा टाकत जिन्याने चढली आणि बेलवरचं बोट काढलंच नाही.

दार मैनेनेच उघडलं. केस नीट विंचरलेले, घर लख्ख. इतकं लख्ख, की लहान मूल असलेल्या घराला ते शोभत नव्हतं. "ताई? या ना. फोन आवाज बंद करून ठेवला होता. आम्ही आत्ताच—" ती थांबली. घाईघाईने वाक्य दुरुस्त केलं. "तो. तो आत्ताच झोपला."

तोंडात मारल्यासारखं झालं ताईला. कुणी मास्तरांसमोर शुद्धलेखन सुधारतं, तसं सुधारलं होतं पोरीने. आपल्याच घराच्या दारात उभं राहून.

ती आत येऊन बसली. धाप अजून ओसरली नव्हती. काय बोलावं? वाटेत तिने शंभर वाक्यं जुळवली होती, आणि आता तोंड उघडलं तर बाहेर आलं, "अगं, स्वतःची काळजी घ्यायला हवी बाई तू. ही एक फेज असते—"

आणि जीभ चावली. फेज! जिची टर उडवून तिने नाव कमावलं होतं, तोच शब्द. शोधून पाहिलं तर दुसरा शब्द तिच्याजवळ नव्हताच. इतरांच्या शब्दांना हसण्यात तिने स्वतःचे काही जमवलेच नव्हते.

मैना मान हलवत म्हणाली, "हो ना. सगळ्या तेच म्हणाल्या."

"मैना," ताई म्हणाली. "गॅलरीत कोण उभं होतं?"

झोळीच्या दोरीला मैनेने उगाचच एक झोका दिला. पोर झोपलेलंच होतं.

"छोटू आला होता दुकानात. बाळ अजून उभं राहत नाही म्हणाला. मग कोण होतं गं?"

"तुम्ही हसाल," मैना म्हणाली.

एवढंच. रागाने नाही, टोमणाही नाही. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं सांगितलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

"नाही हसणार," ती म्हणाली. "मी हसले ते चुकले. फार चुकले. मला नीट वाचता आलं नाही. तू सांग."

मग मैना बोलली, तुटक तुटक, एकेकाळी सबंध घर डोक्यावर घेणारी ही बडबडी पोर. "मी होते. कपडे वाळत घालत होते. आणि मला एकदम स्वतःचीच भीती वाटली. का ते माहीत नाही. मी आत आले, गॅलरीचं दार लावलं, वरची कडी पण घातली. मग खाली बसले आणि ते लिहिलं."

"मग 'मी' असं का नाही लिहिलंस गं?"

"कसं लिहिणार? मी झोपत नाही, मी खात नाही, मला रडू येतं. लगेच म्हणाल्या असत्या, कसली आई आहे. एवढं गोड बाळ आहे आणि ही रडतेय. 'आम्ही' म्हटलं की निम्मं त्याच्यावर जातं." तिने झोळीकडे बघितलं. "त्याच्या आडून बोलायची सवय लागली होती. आधी गंमत म्हणून बोलायचे. मग तेवढंच सोपं वाटायला लागलं. कुणी मला काही विचारतच नव्हतं ना. सगळे त्याचं विचारायचे."

ताई झोळीपाशी सरकली.

"मला वाटलं, बाकीच्यांना नाही कळणार, पण तुम्हाला कळेल," मैना म्हणाली. "तुम्ही शब्द बरोबर पकडता ना ताई. म्हणून तर तिथे लिहिलं. तुम्ही वाचाल म्हणून."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नखांत अडकलेल्या क्रीमचा गोड वास आला. धरणीने पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर धरणीही जवळ नसते. ती रडली, आणि मैनेने उठून तिच्यासाठी पाण्याचा पेला आणला, तेव्हा तिला रडण्याचीही लाज वाटली. रडायचं कुणी, पाणी आणायचं कुणी!

तिने डोळे पुसले. "तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्याकडे आत्ता जायचं. तू, मी, आणि तो."

"ह्यांना विचारते."

"मी सांगते त्याला." आणि तिने छोटूला तिथूनच, मैनेसमोर फोन लावला. या वेळी सगळं सांगितलं. मैनेचं सांगितलं, आणि आपण काय लिहिलं होतं तेही. मग छोटू म्हणाला, "मी तिथेच येतो." "ताई" म्हणाला नाही.

टॅक्सीत मैना खिडकीशी बसली, बाळ ताईच्या मांडीवर. जागं झालं होतं आणि तिच्या ओढणीचा पदर चोखत होतं. मैनेने डोकं मागे टेकलं होतं. डोळे मिटले होते, पण झोप नव्हती.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने नुसतं बाळ बघितलं आणि म्हणाली, "बाळाला दाखवायचं असेल तर बाजूची खिडकी."

"नाही नाही," ताई पुढे सरसावली. "आम्हाला डॉक्टरीणबाईंना भेटायचंय. आम्हाला बरेच दिवस—"

ती थबकली. शब्द तिच्या तोंडून गेला होता. आपसूक, सहज, जिभेला काही न वाटता गेला होता.

मैनेने तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसण्याच्या जवळचं काहीतरी आलं आणि गेलं. मग ती काउंटरच्या काचेजवळ सरकली. "मला," ती म्हणाली. मुलीला ऐकू गेलं नाही, तेव्हा परत म्हणाली, जरा मोठ्याने. "मला दाखवायचंय. मी पेशंट आहे."

त्या बसल्या. आजूबाजूला बायका, पोटं, पोरं. शेजारच्या बाईने बाळाच्या गालाला बोट लावून विचारलं, "काय म्हणतंय पिल्लू?" ताई म्हणाली, "तो बरा आहे." पुढे काही बोलायचं तिला सुचलं नाही आणि त्या बाईनेही काही विचारलं नाही.

फोन थरथरला. कट्ट्यावरून कुणीतरी: "ताई, या आठवड्याचा ठसका?"

खरं सांगायचं तर ठसका तयार होता. टॅक्सीतच झाला होता. मैना डोळे मिटून बसली होती, बाळ मांडीवर होतं, आणि ताईच्या मनात आपोआप पहिलं वाक्य जुळलं होतं: 'आज मी माझ्याच शब्दावर तोंडघशी पडले.' चांगलं होतं वाक्य. पुढे सगळं सांगायचं, नाव न घेता. कान पकडून माफी मागायची. बायका रडल्या असत्या. आजवर कशालाच मिळाले नाहीत इतके बदाम मिळाले असते, आणि त्यात शहाणपणाही होता, कुणाला तरी उपयोग झाला असता. ताईने स्वतःला असंच समजावलं होतं.

आतून नाव पुकारलं. मैना उठली. ताईही उठायला लागली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एकेकटंच आत."

मैना दारापर्यंत गेली. दाराची मूठ धरली, आणि मागे वळली.

"ताई," ती हळूच म्हणाली. "हे तुम्ही तिथे लिहिणार नाही ना?"

ताईने नकारार्थी मान हलवली. मैना क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, विश्वास ठेवावा की नाही असं बघतात तसं, आणि मग आत गेली. दार लागलं.

बाळाने ताईचं बोट तोंडात धरलं होतं. क्रीम गोड लागत असणार, सोडत नव्हतं.